दोन अंगठ्यांवर उभा माणूस

घरात तिला सगळे चौकशी म्हणत. शाळेच्या हजेरीत काय नाव होतं ते शाळेला ठाऊक, पण गल्लीत, दुकानात, बसथांब्यावर ती चौकशीच. बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडून साधं सरळ वाक्य बाहेर पडलंच नव्हतं. जे पडे त्याला शेपटासारखा प्रश्न चिकटलेला. लहान असताना एकदा न्हाव्याकडे गेली. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून त्याने तिला वर बसवलं आणि कात्री उचलली. "केस कापताना दुखत का नाही? कापलेले केस कुठं जातात? तुमचे केस कोण कापतं? तोही न्हावीच असेल, तर त्याचे कोण कापतं?" न्हावी बिचारा उत्तरं देता देता स्वतःच विचारात पडला, आणि पोरगी घरी आली ती डावीकडे खांद्यापर्यंत आणि उजवीकडे कानापर्यंत केस घेऊन. आईने कपाळाला हात लावला. बाबा आधी डावीकडून बघून आले, मग उजवीकडून. "चांगलं झालं," ते म्हणाले, "एकीच्या भावात दोघी कापून आणल्या."

बाबा बस चालवत. खालच्या आगारातून निघायची, बाजार, इस्पितळ असं करत टेकडीवरच्या कॉलेजपाशी थांबायची आणि तशीच खाली यायची. आई बुटांच्या दुकानात विक्रीला होती. आणि आईचा भाऊ, चौकशीचा मामा, पाय बनवायचा. ज्यांचे गेले त्यांच्यासाठी पाय. "भाऊ पाय देतो, बहीण बूट देते, आणि दोघांनी एवढं करूनही गिऱ्हाईक शेवटी माझ्याच बसमध्ये बसतं," असं बाबा म्हणायचे. हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की त्यांनी 'भाऊ' म्हटलं की आई भाजी चिरता चिरता पुढचा सगळा म्हणून टाकी आणि त्यांना नुसतं हसायला ठेवी.

चौकशी सोळा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात तिच्यासमोर एकदम दोन ताटं वाढून आली.

पहिलं टेकडीवरच्या कॉलेजचं. शाळा संपवत आलेल्या मुलामुलींसाठी तिथे सुट्टीत कॅम्प भरे. वसतिगृहात राहायचं, यंत्रं खोलायची, जोडायची, बिघडवायची, आणि कोणी रागवायचं नाही. अर्ज ढिगाने येत आणि निवडत मूठभर. चौकशीने अर्ज केला त्याला कारण होतं. कॉलेज वर्षातून एकदा सगळ्यांना बघायला खुलं ठेवत. त्या दिवशी तिने तिथे एक लोखंडी हात पाहिला होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. एका विद्यार्थ्याने स्वतःच्या दंडाला तारा चिकटवल्या, दंड किंचित आवळला, आणि समोरचा लोखंडी हात सरकला, त्याच्या बोटांची चिमूट झाली, आणि त्या चिमटीने पान उलटलं. एकच पान, दोन नव्हेत. चौकशीचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. घरी आल्यावर जेवताना ती म्हणाली, "एक पान, बाबा. थुंकी न लावता. तुम्हाला तरी जमतं का?"

तर त्या कॅम्पला तिची निवड झाली. बाबांच्या अंगात चार हत्तींचं बळ आलं.

दुसरं ताट मामाचं. त्याचा मदतनीस ऐन वेळी दुसऱ्या गावी नोकरीला निघून गेला आणि मामा एकटा पडला. "सुट्टीत माझ्याकडे ये," तो भाचीला म्हणाला. "कामाचे पैसे देईन, फुकट राबवणार नाही. आणि हवे तेवढे प्रश्न विचार. फक्त माझ्या हातात करवत नसताना."

बाबा म्हणाले, कॅम्प. आई म्हणाली, सुट्टीत सुट्टी घे, जगात तिसरीही गोष्ट असते. चौकशीला दोन्ही हवं होतं. शेवटी भिंतीवरचं कॅलेंडर काढून ते टेबलावर पसरलं, तेव्हा दिसलं की कॅम्प सुट्टीच्या उत्तरार्धात आहे. मग काय, तोवर मामाकडे आणि नंतर टेकडीवर. सुंठीवाचून खोकला गेला, असं सगळ्यांना वाटलं.

मामाचं वर्कशॉप इस्पितळाच्या मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या शेजारी. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कोणाचं तरी गोदाम. चौकशी पहिल्या दिवशी दार ढकलून आत गेली, आणि जन्मात प्रथमच तिला काही विचारावंसं वाटलं नाही.

तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर गुडघे. पांढरेशुभ्र, प्लास्टरचे, गुडघा आणि त्याखाली वीतभर पाय; ओळीने, एकाला लागून एक, छतापर्यंत. कोणी जाड, कोणी काटकुळा, एखादा अगदी लहान मुलाचा. प्रत्येकावर जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेलं. मामा माणसांची नावं विसरत असे, पण काम कधी विसरत नसे, म्हणून तो कामच लिहून ठेवी: 'टपालवाला', 'गणिताची बाई', 'बँडमधला ट्रॉम्बोन', 'विहिरी खणणारा'. खिडकीतून ऊन येत होतं आणि प्लास्टरची बारीक धूळ त्यात तरंगत होती. चौकशीला वाटलं, अख्खं गाव इथे गुडघाभर उभं आहे आणि कोणी तरी 'चला' म्हणायची वाट बघतंय.

"बोलती झाली वाटतं बंद," कोपऱ्यातून आवाज आला. शिलाई मशीनवर एक बाई बसली होती. पायाला बांधायचे चामडी पट्टे ती शिवायची, म्हणून तिला सगळे पट्टेवाली मावशी म्हणत. ओठांना लालभडक लिपस्टिक, नाकाच्या टोकावर चष्मा. "तुझा मामा म्हणाला होता, पोरगी आली की रेडिओ लावायला नको. ही तर मुकीच निघाली."

मुकेपण अर्थात टिकलं नाही. थोड्याच दिवसांत चौकशीने काम कसं चालतं ते उलटंसुलटं विचारून पोटात घातलं. माणूस आला की आधी त्याच्या उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवायचा. हाडं कुठे टोचतात तिथे जांभळ्या पेन्सिलीने खुणा करायच्या. मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. त्या वाळल्या की अलगद ओढून काढायच्या, त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं, म्हणजे आतून पांढरा गुडघा निघतो, फळीवरच्यासारखा. त्या गुडघ्यावर प्लास्टिक तापवून बसवलं की झाला पेला. ज्यात माणसाचा उरलेला पाय बसतो त्या भागाला मामा पेलाच म्हणे. पेल्याखाली नळी, नळीखाली पाऊल.

"पण सगळी मेख पट्ट्या ओल्या असतानाच्या चार मिनिटांत आहे," मामा म्हणाला. "तुझा गुडघा दे." त्याने तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे टेकवले. "इथे दोरीसारखं लागतंय बघ. सगळ्या पायात हीच एक जागा अशी आहे की जी भार घेते आणि कुरकुरत नाही. बाकी सगळं हाड, कातडी, शिरा. तिथे भार टाकला की माणूस ओरडतो. म्हणून प्लास्टर ओलं असताना या दोरीच्या दोन बाजूंना अंगठे दाबून धरायचे, पार वाळेपर्यंत. ते दाबलेलं पेल्यात उतरतं, आतून दोन उंचवटे होतात. माणूस त्या उंचवट्यांवर उभा राहतो."

चौकशीने फळ्यांकडे पाहिलं. आता तिला दिसलं. प्रत्येक पांढऱ्या गुडघ्यावर, वाटीच्या खाली, दोन खळगे. सगळे एकाच मापाचे. "म्हणजे हे सगळे..."

"तुझ्या मामाच्या अंगठ्यांवर उभे आहेत," पट्टेवाली मावशी दोरा तोडत म्हणाली. "म्हणून तर इथला नियम आहे. ज्याचे अंगठे, त्याने पहिल्या पावलाला हजर राहायचं. पहिल्यांदा भार पडला की काहीतरी खुपतंच, आणि कुठे कसं दाबलं होतं ते दाबणाऱ्यालाच आठवतं. ताप असो, लग्न असो. तू जन्मलीस तेव्हा तुझा मामा कुठे होता? इथे. टपालवाल्याचं पहिलं पाऊल होतं. ते झालं, मग हा तुला बघायला गेला."

"आई अजून टोमणा मारते त्यावरून," चौकशी म्हणाली.

"मारू दे. टपालवाला अजून टपाल वाटतोय."

तर असं चाललेलं असताना एक दिवस फरशीवाला आला.

आला म्हणजे, तिसऱ्यांदा आला. आधी दोनदा तो कुबड्यांवर दारापर्यंत येऊन, आतले गुडघे बघून, मागच्या मागे फिरला होता. आयुष्यभर त्याने लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, आणि ट्रकमधून उतरवताना एक अख्खा ढीग त्याच्या पायावर आला. "चाळीस वर्षं लोकांच्या पायाखाली घातली हिला," तो म्हणायचा, "आणि उलटली ती माझ्याच पायावर. सासूसुद्धा एवढी वर्षं धीर धरत नाही."

गडी विनोद करायचा, पण घाबरलेला होता. हे मामाला दिसत होतं. आज परत गेला तर चौथ्यांदा यायचा नाही, हेही दिसत होतं. आणि नेमका त्याच सकाळी तापलेलं प्लास्टिक बसवताना मामाचा उजवा अंगठा चांगलाच भाजला होता. मलम, पट्टी, ठणका. अंगठा वाकत नव्हता, दाबणं दूरच.

मामाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, दाराकडे तोंड करून बसलेल्या फरशीवाल्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चौकशी, अंगठे दाखव."

तिने दाखवले. मामाने ते चिमटीत धरून, फिरवून, आंबा बघावा तसे बघितले. "चालतील."

त्यानंतरचा वेळ चौकशीला पुढे जन्मभर लख्ख आठवत राहिला. मामाने पट्ट्या गुंडाळल्या. ती खालच्या स्टुलावर बसली, आठ बोटं त्याच्या गुडघ्यामागे आणि दोन अंगठे पुढे, दोरीच्या दोन्ही बाजूंना. प्लास्टर आधी गार, चिखलासारखं. गुडघ्यामागच्या बोटांना काहीतरी लागत होतं: धक, धक, धक. त्याची नाडी. एवढा मोठा बाप्या माणूस, आणि नाडी पाखरासारखी पळत होती. मग प्लास्टर गरम व्हायला लागलं. कोणी विस्तव लावला नाही, काही नाही, आतूनच. गरम होता होता घट्ट झालं, आणि ते धक धक दूर गेलं, दार लावून घ्यावं तसं.

"पोरी," फरशीवाला वरून म्हणाला, "एवढं घट्ट माझ्या बायकोने लग्नातसुद्धा धरलं नव्हतं." आणि स्वतःच खदखदून हसला. गुडघा हलला. चौकशीने दाब तसाच ठेवला. मग तो हसायचा थांबला आणि हळू म्हणाला, "खरं सांगू का, फरशी मी डोळ्यांनी बघत नाही. तळपायाने बघतो. त्याचीच काळजी आहे. चालीन हो मी, कसाही चालीन. पण चालताना खाली काय आहे ते कळेल का?"

मामाने प्लास्टर वाळलं का ते नखाने टकटक करून पाहिलं. चौकशीने अंगठे उचलले नाहीत.

पेला चार-पाच दिवसांत व्हायचा होता. म्हणजे कॅम्पच्या बराच आधी. पण प्लास्टिकचे पत्रे आलेच नाहीत. आज येतो, उद्या येतो करत पुरवठादाराने मामाला झुलवत ठेवलं. अखेर ते आले, आणि मावशीने सहज विचारलं, "मग पहिलं पाऊल कधी घ्यायचं?" मामा कॅलेंडरपाशी गेला, बोट ठेवलं, आणि ते तिथून उचलेना. चौकशीने मागून मान लांब करून पाहिलं. कॅम्पचा पहिला दिवस.

"मी बघून घेईन," मामा तिच्याकडे न बघता म्हणाला. "नियम काय दगडावर कोरलेला नाही."

मावशीने मशीन थांबवलं.

"दोन दिवस पुढे ढकलला तर?" चौकशीने विचारलं.

"त्याने आज मला विचारलं, मी कॅलेंडर न बघताच हा दिवस सांगून टाकला. त्याची बहीण लांबून येणार आहे बघायला. पुढे ढकललं की तो काय समजेल माहिताय? जमलं नाही, असं समजेल. आणि घरीच बसेल."

चौकशीने कॉलेजात फोन केला. तिकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. पहिल्या दिवशी सकाळी गट पाडतात, त्या म्हणाल्या, आणि दुपारपर्यंत जो येत नाही त्याच्या जागी यादीतल्या पुढच्याला बोलवतात. तोही बिचारा बॅग भरून बसलेला असतो. त्यांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की चौकशीला त्यांच्यावर रागावताही येईना.

घरी रण पेटलं. "अगं, देव पाण्यात ठेवून बसलो होतो आपण त्या जागेसाठी," बाबा म्हणाले. "आणि तू ती कोणासाठी सोडणार? तुझा मामा आहे ना तिथे?"

"अंगठे माझे आहेत."

"अंगठे. शिकवून सवरून मुलगी अंगठेबहाद्दर झाली, असं सांगू लोकांना?"

आईला हसू आलं ते तिने पदरात लपवलं, आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "तिला ठरवू दे."

"सोळाव्या वर्षी कोण काय ठरवतं?"

"सोळाव्या वर्षी तुम्ही शाळा सोडून गॅरेजमध्ये गेला होतात."

"म्हणूनच म्हणतोय ना," बाबा म्हणाले, आणि एकाएकी त्यांचा आवाज खाली आला.

दुसऱ्या दिवशी फरशीवाला पट्ट्याचं माप द्यायला आला, तेव्हा चौकशीने त्याला सगळं सांगून टाकलं. तो लगेच म्हणाला, "जा की मग. विचारतेस काय? खुपलं तर तुझ्या मामाला शिव्या घालीन, मला येतात." मावशी माप घेत होती. तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दाबताना तू कसं दाबलं होतंस, ते मामाला माहीत आहे ना पण?"

साधा प्रश्न. लोकांना प्रश्न विचारून हैराण करणाऱ्या त्या मुलीला उलटा कोणी प्रश्न विचारला, आणि तिला उत्तर देता येईना.

ठरलेल्या सकाळी ती बॅग घेऊन निघाली. कॅम्पची बॅग. बाबांच्याच बसमध्ये, त्यांच्या मागच्या बाकावर बसली. बाबांनी आरशातून एकदा पाहिलं, समाधानाने गिअर टाकला. बाजार गेला. पेट्रोलपंप गेला. इस्पितळाचा थांबा आला, दार उघडलं, दोन म्हाताऱ्या उतरल्या, एक बाळ घेतलेली बाई चढली. चौकशी उठली. बॅग घेऊन उतरली आणि खाली थांब्यावर उभी राहून आरशात बघत राहिली, कारण तिला बाबांना तोंड दाखवून जायचं होतं.

बाबांनी आरशात पाहिलं. दार उघडंच राहिलं. "अहो, चला की," मागून कोणीतरी म्हणालं. बाबांचा हात दाराच्या खटक्यावर गेला, थांबला, मग दार मिटलं आणि बस टेकडीकडे गेली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत चौकशी तिथेच उभी होती. तिला लोखंडी हात दिसत होता, पान उलटणारा. तो गेला, हे तिला पक्कं कळत होतं. मग ती गल्लीत वळली.

वर्कशॉपमध्ये सगळे जमलेच होते. मामाने तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

मधोमध कमरेएवढे दोन दांडे समोरासमोर लावलेले होते, धरून चालायला. फरशीवाला त्यांच्या मध्ये उभा राहिला. एका पायात त्याचा जुना बूट, दुसऱ्या पायात त्याच जोडीतला इतके दिवस कोरा पडून राहिलेला. त्याची बहीण भिंतीला टेकून, ओठ दाबून उभी. त्याने नव्या पायावर भार टाकला, आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "खुपतंय. बाहेरच्या बाजूला. सुरी लागल्यासारखं."

मामा खाली बसला, पेला काढला, कातडीवर लाल डाग बघितला. "हाडावर येतोय. नळी तिरकी झाली का बघू."

"थांब," चौकशी म्हणाली. तिने डोळे मिटले, अंगठे हवेत धरले, आणि ती पुन्हा त्या स्टुलावर, त्या गार चिखलात गेली. "नळी नाही. ते हसले होते. बायकोचं बोलले आणि हसले, तेव्हा गुडघा हलला. मी दाब सोडला नाही, पण डावा अंगठा वर गेला असणार. म्हणजे त्यांच्या उजव्या बाजूला. उंचवटा वर सरकलाय."

"मावशी, लिपस्टिक," मामा म्हणाला.

बहिणीने चमकून पाहिलं. पण या धंद्यात ती करवतीइतकीच लागते. मावशीने पर्समधून काढून दिली, चौकशीने ती दुखऱ्या जागेवर फासली, पेला चढवला, काढला. पेल्याच्या आत, उजव्या उंचवट्याच्या वरच्या कडेला, लालभडक ओठ उमटावा तशी खूण. बरोबर तिथे. मामाने ती जागा तापवली, किंचित खाली ढकलली, घासली, आणि बोट फिरवायला चौकशीपुढे धरली. ती "अजून जरा" म्हणाली. मग "बस" म्हणाली.

फरशीवाला पुन्हा उभा राहिला. भार टाकला. यावेळी तोंड वाकडं झालं नाही. त्याने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. दांड्यांच्या टोकाला पोचला, वळला, आणि वळताना हात सुटले ते त्याने परत धरले नाहीत. फळ्यांवरचे सगळे पांढरे गुडघे बघत होते, असं चौकशीला वाटलं. आणि तो दांड्यांच्या बाहेर आला, खोलीच्या मध्यावर, आणि थबकला.

"काय झालं? खुपलं?" मामाने विचारलं.

तो खाली बघत नव्हता. समोर भिंतीकडे बघत होता, कान दिल्यासारखा. त्याने नवा पाय उचलून पुन्हा ठेवला, हळूच, अंघोळीचं पाणी बघावं तसा. "इथे उतार आहे," तो म्हणाला. "खिडकीकडे. बारीक आहे, पण आहे. कोणी बसवली ही फरशी?" आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो भिंतीशी उभ्या बहिणीकडे वळला. "कळतंय," तो बहिणीला म्हणाला. "अगं, खालचं कळतंय मला."

चौकशी स्टुलावर बसून होती. प्लास्टिक, नळी, रबराचं पाऊल. कुठे त्यात जीव होता? आणि तरी जमिनीचा तो बारीक उतार त्यातून वर चढत गेला होता, तिच्या दोन अंगठ्यांवरून, एका माणसाच्या डोक्यापर्यंत. तिने आपले अंगठे वळवून वळवून बघितले. साधेच होते. एकाच्या नखात प्लास्टर होतं.

कॅम्पची जागा गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला आणि निवड झाली नाही. त्यानंतर वय उलटलं. कॉलेज तिने साधंच केलं, खालच्या गावातलं, सकाळचं, दुपारी मामाकडे. आज ते वर्कशॉप तिचं आहे आणि जांभळी पेन्सिल तिच्या कानावर. टेकडीवरचं कॉलेज दिसलं की अजून वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं तर ती म्हणते, "वाटतं ना. का वाटू नये?" आणि कामाला लागते. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी दुपारचं राहिलंच.

त्या दिवशी दुपारी टेकडीवरून परत येताना बाबांनी इस्पितळापाशी बस उभी केली. त्यांची जेवणाची सुट्टी होती. युनिफॉर्म घातलेले, टोपी हातात, ते वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायचं ठरवून आले होते, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. पण आत एक माणूस खोलीभर चकरा मारत होता आणि मामाला फरशी कशी उखडून नव्याने घालावी ते सांगत होता, आणि त्याच्या मागून त्याची बहीण "अरे बस आता जरा" म्हणत फिरत होती.

"हाच का तो?" बाबांनी मेव्हण्याला हळूच विचारलं.

मामाने मान हलवली. मग त्याने टेबलावरचा पांढरा गुडघा उचलला, ज्यावर 'फरशीवाला' असं लिहिलं होतं, आणि तो बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. वाटीच्या खाली दोन खळगे होते. त्यांनी टोपी काखेत धरली आणि स्टिअरिंग धरून धरून रुंद झालेले आपले अंगठे त्या खळग्यांवर टेकवले. बसेनात. एका बाजूने टेकवून पाहिले, दुसऱ्या बाजूने पाहिले. खळगे लहान होते, त्यांच्या अंगठ्यांना आत जागाच नव्हती.

बाहेर कोणीतरी बसचा भोंगा वाजवून गेलं. बाबांनी गुडघा दोन्ही हातांनी, पाणी भरलेलं भांडं ठेवावं तसा टेबलावर ठेवला.

"जेवलीस का?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नाही."

"मग चल," ते म्हणाले. "बसमध्ये डबा आहे."